सहा तासांचा विषय

८ जुलै

अखेर ही धोंड माझ्याच गळ्यात पडली. नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात यंदापासून सहा तासांचा एक नवा विषय घालायचा आहे: समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे रुग्णांचं आरोग्य. वरून आदेश आलाय आणि जानेवारीत परीक्षण समिती येणार आहे. म्हणजे जानेवारीपर्यंत आम्हा सगळ्यांना या रुग्णांचा कळवळा येणं भाग आहे.

फाइल आधी मनोविकारवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, हल्ली हा आजार धरत नाहीत, तेव्हा आमचा काय संबंध? स्त्रीरोगवाल्यांनी त्वचारोगाकडे बोट दाखवलं, त्वचारोगवाल्यांनी आमच्या मेडिसिनकडे. मेडिसिनमध्ये शिकवणारे आम्ही चौघं. बाकी तिघांना मुलंबाळं आहेत.

"हे तुम्हीच करा," डीन सर म्हणाले. आवाज मऊ केला होता, शोकसभेत करतात तसा. मी बिनलग्नाची, संध्याकाळी मोकळी, असं त्यांचं साधं गणित असणार. मी हो म्हटलं.

भीती वाटते का? वाटते. शिकवता शिकवता कुणाला माझा संशय आला तर? पण नाही म्हटलं असतं तर जास्तच आला असता. इतकी वर्षं सांभाळलंय, आणखी सहा तास काय जड आहेत! इथे, या वहीतसुद्धा मी तिला 'मैत्रीण' म्हणूनच लिहिते. सवय मोडू नये.

१४ जुलै, रविवार

मैत्रीण आली होती. ती आमच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. आईच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला दर रविवारी येते आणि जेवून, दुपारी वरच्या खोलीत माझ्याशी गप्पा मारून संध्याकाळी जाते. शेजाऱ्यांना, हॉस्पिटलात आणि खुद्द आईला आम्ही एवढंच सांगितलंय. गुडघा काही बरा होत नाही. बरंय एका अर्थी. आई भोळी आहे, शनिवारपासूनच विचारत राहते, "उद्या येणार ना गं ती?"

नव्या विषयाचं सांगितलं तर मैत्रीण हसत सुटली. "तू? तू शिकवणार?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि हसू थांबलं तरी ते थांबेना.

"मला बोलाव की पाहुणी म्हणून," ती म्हणाली. "सांगते मुलांना. एका बाईच्या आईचा गुडघा किती वर्षं दुखू शकतो ते."

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू दे ना गं एकदा!"

खाली आईने रेडिओ मोठा केला. तिला कमी ऐकू यायला लागलंय बहुतेक. कान तपासून घ्यायला हवेत.

२ ऑगस्ट

पहिला तास. जुनं सभागृह, अर्धे पंखे बंद. सगळ्या विभागांचे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, ड्यूटी संपवून आलेले. निम्मे झोपलेले, उरलेले मोबाइलमध्ये. मी आकडेवारी दाखवली. हे रुग्ण उशिरा येतात, खरं सांगत नाहीत, त्यांच्यात नैराश्य जास्त, वगैरे. आवाज कोरडा ठेवला. क्षयरोगावर बोलताना ठेवते तसाच.

हाडांच्या विभागात एक आडदांड मुलगा आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याने हात वर केला. "मॅडम, हाडं तर तीच असतात ना? मग आम्हाला सुट्टी द्या." हशा पिकला. मीही हसले. न हसून करणार काय?

तास संपल्यावर माझ्याच युनिटमधली एक मुलगी थांबली. शिडशिडीत, ॲप्रन अंगावर वाळत घातल्यासारखा. वॉर्डातल्या नर्सेसनी तिचं नाव काटकी ठेवलंय. कामाला वाघीण. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तासभर 'हे लोक', 'ते रुग्ण' म्हणत होतात. म्हणजे वर्गात त्यांच्यातलं कुणीच नाही, असं धरून."

मी म्हटलं, "भाषेचा कीस काढू नकोस. आशय बघ."

ती "हो मॅडम" म्हणाली. पण गेली नाही. वही उघडली, मिटली, माझी पिशवी उचलून गाडीपर्यंत आली. या मुलीला माझ्याकडून शोधनिबंधावर नाव हवंय की काय? तसं असेल तर सरळ मागावं.

२९ ऑगस्ट

आज जे ऐकलं त्याने जेवण गेलं नाही.

चार दिवसांपूर्वी कॅज्युअल्टीत एक वेल्डर आला. पोटात दुखतंय, ताप. दाढी आहे, आवाज भरदार, आणि ओळखपत्रावर बाईचं नाव. नोंदणीच्या खिडकीपासूनच तमाशा सुरू झाला. पुरुषांचा वॉर्ड म्हणाला, आमच्याकडे नको. बायकांचा वॉर्ड म्हणाला, आमच्याकडे तर मुळीच नको. स्ट्रेचर दोन वॉर्डांच्या मधल्या पॅसेजमध्ये. इंटर्न मुलं एकमेकांना फोन करून बघायला बोलावत होती. तिघांनी छाती तपासली. पोट दुखतंय म्हणणाऱ्या माणसाची छाती! पोटाला हात कुणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटकी तिथून जात होती. तिने पोटावर हात ठेवला, ते लाकडासारखं कडक. अपेंडिक्स फुटलं होतं. जगातला सगळ्यात साधा आजार. पहिल्या वर्षाच्या मुलाला झोपेत ओळखता येईल असा. तिने सर्जरीच्या रेसिडेंटला अक्षरशः ओढत आणलं. दोन ऑपरेशनं झाली. माणूस वाचलाय, पण आतडं पोटावर काढून पिशवी लावावी लागली आहे.

"माझी दोन लेक्चरं होऊन गेल्यावर हे झालं," मी म्हटलं.

"हो मॅडम," काटकी म्हणाली. तिने काही वेगळ्या अर्थाने म्हटलं नसेल.

२० सप्टेंबर

वेल्डरला वॉर्डात भेटले. त्याच्याजवळ थोरली बहीण असते, तोंडाने फटकळ. मी विचारलं, बरा झालास की आमच्या डॉक्टरांशी बोलायला येशील का? त्याच्याआधी तीच बोलली. "का? बघायचे राहिलेत का कुणी?"

तो मात्र हसायला गेला आणि टाके दुखले म्हणून थांबला. म्हणाला, "येतो. पण मला वर खुर्चीवर बसवायचं नाही. आणि कपडे काढणार नाही."

"अरे, असं कोण सांगेल तुला?"

"डॉक्टर लोकच सांगतात," तो म्हणाला.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहून काढायला हवा. मी योग्यच वागले, हे लिहिल्यावर स्पष्ट होईल.

वेल्डर आला. बहीण दाराशी उभी राहिली. तो खालीच, पहिल्या रांगेसमोर उभा. सुरुवातीला त्याला बोलायला जमेना. दोनदा वाक्य सोडून दिलं, पाणी मागितलं, एकदा तर निघूनच चालला होता. मग एकदम चिडून म्हणाला, "मी तिथे पडलो होतो ना, तेव्हा पंख्याची पाती मोजत होतो. येणारा प्रत्येक जण शर्ट वर करायचा. एकाने तरी विचारायचं ना, कुठे दुखतंय?"

सभागृहात कुणी मोबाइल बघत नव्हतं. पैलवानसुद्धा मान खाली घालून बसला होता.

मग तो म्हणाला, "एक विचारू का? तुमच्यात आमच्यासारखं कुणीच नाही का? एवढ्या डॉक्टरांमध्ये?"

मी घड्याळाकडे बघितलं. आणि काटकी उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे. मला मुली आवडतात." ती वेल्डरकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग आणखी काही मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. का, कोण जाणे. मी शिक्षिका म्हणून असेल, आता वर्ग कसा सावरते ते बघायला.

मी म्हटलं, "हा वर्ग वैयक्तिक गोष्टींसाठी नाही. बसा."

ती जरा वेळ तशीच उभी होती. मग बसली. मी वेल्डरचे आभार मानले, पुढच्या तासाचा विषय सांगितला आणि वर्ग सोडला. जाताना वेल्डरने नमस्कार केला नाही. बहिणीने केला. त्या नमस्कारापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शिस्त म्हणून तेच योग्य होतं. उद्या प्रत्येक जण उठून आपलं खाजगी आयुष्य सांगायला लागला तर?

१३ ऑक्टोबर, रविवार

मैत्रिणीच्या कानावर गेलं होतं. सगळ्या हॉस्पिटलात गेलंय.

"तू तिला 'बसा' म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"काहीही. 'शाबास' म्हणायचं. नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं. इतक्या जणांत एकटी पोर उभी राहिली, आणि तू तिला 'अहो बसा' केलंस!"

मी म्हटलं, मी उभी राहिले असते तर उद्या आईला कुणी येऊन काय सांगितलं असतं? या वयात तिने ते कसं सोसलं असतं?

तिने पर्स उचलली. "आईंचं नाव किती वर्षं पुढे करणार आहेस?" एवढंच म्हणाली आणि जेवायला न थांबता गेली. आईने तिच्यासाठी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं, संध्याकाळपर्यंत. कुणाला द्यायचं होतं, कळलं नाही.

५ नोव्हेंबर

काटकीच्या होस्टेलच्या खोलीतल्या दोघी मुलींनी खोली बदलून मागितली. वॉर्डनने त्यांची नाही, हिचीच बदलली. जुन्या इमारतीत भांडारगृहाशेजारी, जिथे दाराला आतून कडीही धड नाही. बायकांच्या वॉर्डात तिला ठेवू नये, अशी तक्रारही आली आहे. रुग्णांकडून आली म्हणतात. मी वॉर्डात चौकशी केली, एकाही रुग्णाने तोंड उघडलेलं नाही. तक्रारीतली भाषा एखाद्या डॉक्टरची आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

काटकी राउंडला वेळेवर येते. डोळे सुजलेले. रुग्णांची माहिती घडाघडा सांगते. मी ऐकते. आमच्या दोघींत फक्त रक्तदाब आणि साखर एवढाच संवाद.

१५ नोव्हेंबर

डीन सरांनी चौकशी नेमली. युनिटप्रमुख म्हणून माझं मत मागवलं. रात्री झोप नाही. तिच्या बाजूने जोरात लिहिलं तर लोक म्हणतील, हिला एवढा पुळका का? विरुद्ध लिहिणं शक्यच नाही, इतकी का मी पडलेली आहे? शेवटी तोलून-मापून दोन वाक्यं लिहिली. "कामात अत्यंत चोख. वैयक्तिक बाबींविषयी मला भाष्य करायचे नाही."

यात कुणाचं नुकसान नाही.

२२ नोव्हेंबर

काटकी राजीनामा देऊन गेली.

चौकशीत माझं दुसरं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. "तुमच्या मॅडमनाही तुमच्या बाजूने बोलायचं नाही," असं कुणीतरी तिला सांगितलं. माझ्या वाक्याचा असा अर्थ निघू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. की आलं होतं? नाही आलं.

निरोप घ्यायला आली. मी म्हटलं, घाई केलीस. वर्ष काढलं असतंस तर लोक विसरले असते.

"लोक विसरले असते मॅडम," ती म्हणाली. "मी काय केलं असतं?"

मग म्हणाली, "मी तुमचं युनिट मागून घेतलं होतं. माझ्या मार्कांना कुठलंही मिळालं असतं." मी विचारलं, मग माझंच का? ती नुसती हसली, वाकून नमस्कार केला आणि गेली. अजून विचार करतेय, माझंच का? माझ्या युनिटला ना नाव ना पैसा.

८ डिसेंबर, रविवार

मैत्रिणीने दुसऱ्या शहरात नोकरी घेतली. पुढच्या आठवड्यात जाणार. मला शेवटी सांगितलं. आईला आधी.

मी भांडले. रडले. म्हटलं, एका मुलीपायी तू आपलं सगळं मोडतेस?

"तिच्यापायी नाही," ती म्हणाली. "तू 'बसा' म्हणालीस ना, तेव्हा मला कळलं, मीही इतकी वर्षं बसलेलीच आहे."

आईने तिला दारात जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि सोडेचना. बिचारी. गुडघ्याची काळजी लागली असणार.

१७ जानेवारी

परीक्षण समिती येऊन गेली. डीन सरांनी मला पुढे केलं. "मॅडमनी हा विषय अगदी आतून शिकवला," असं म्हणताना त्यांनी खांद्यावर हात ठेवायचा विचार केला असावा, पण ठेवला नाही. समितीने वेल्डर आला होता त्या तासाचे फोटो पाहिले, माना डोलावल्या. "इतर कॉलेजांनी आदर्श घ्यावा असा उपक्रम," असं अहवालात येणार आहे. फोटोत दुसऱ्या रांगेत काटकी आहे. ही मुलगी कुठे आहे आता, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चहा झाला, हार झाले.



२६ जानेवारी, रविवार

आई व्यायाम करत नाही. मी म्हटलं, दुसरी फिजिओ बघू का?

"दुसरी नको."

"अगं, गुडघा आखडेल."

आईने वाटाणे सोलणं थांबवलं. "माझा गुडघा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "कधीचाच. पुरे झालं आता ते निमित्त."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

"तुला माहीत होतं?"

"मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून घरातलेही आंधळे होतात का गं? तिने मला केव्हाच सांगितलं होतं. मीच म्हटलं तिला, ती आपल्या तोंडाने सांगेल, थोडं थांब. तीही थांबली बिचारी. किती थांबायचं माणसाने?"

"मी तुझ्यासाठीच लपवत होते, आई."

"मला कुठे हवं होतं?" आई म्हणाली. "माझ्या घरातलं माणूस गेलं. शेजारणीपाशी मला रडतासुद्धा येत नाही. काय सांगू, माझी व्यायाम घेणारी बाई गेली म्हणून रडते?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला आणि वाटाण्यांची परात घेऊन आत गेली. असं तिने माझ्याशी आजवर कधी केलं नव्हतं.

२७ जानेवारी

सकाळी पहिलं काम, डीन सरांकडे गेले. रात्रभर वाक्य घोकलं होतं. म्हटलं, काटकीला परत घ्या. तिच्यावर अन्याय झाला आणि त्यात माझा हात आहे. तिला जे म्हणून घालवलं, ते मीही आहे. तिला काढायचं तर मलाही काढा. हे मी लेखी द्यायला तयार आहे.

एवढं बोलून मी उभीच होते. वाटलं, आता छप्पर कोसळणार.

डीन सरांनी चष्मा काढून पुसला. "बसा मॅडम. ते सगळ्यांना माहीत आहे हो. त्यात लेखी काय द्यायचं? तुमच्या कामाबद्दल कधी कुणाची तक्रार नाही."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांनाच. पोरंसोरं, नर्सेस. त्या मुलीनेही तुमचंच युनिट मागितलं होतं ना." मग जरा वैतागून, "पण जागा भरली तिची. नवा मुलगा रुजू झालाय. आता काही होण्यासारखं नाही. पुढच्या बॅचचं वेळापत्रक तेवढं द्या, समितीला पाठवायचंय."

बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले. माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती. आयुष्यभर जपलेली. त्या गोष्टीपायी ती पोर गेली, मैत्रीण गेली. ती आज देऊ केली, तर कुणी हात पुढे करेना.

राउंड उरकून काटकीला फोन लावला. ती आता गावातल्या एका छोट्या दवाखान्यात बसते. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी वर्गात मीही उभं राहायला हवं होतं."

मूल रडायचं थांबलं. मला वाटलं फोन कटला.

"हो मॅडम," ती म्हणाली. "राहायला हवं होतं."

मग तिकडून तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.